मिरवेल पिवळी पडतेय? कळशी खाली ठेवा, आधी माती बघा

गुहागरच्या बाजूला माड-पोफळीच्या आगरात मिरवेल नाही असं घर विरळा. हल्ली पडवीत कुंडीतली झुडुपी मिरीही दिसते, जिला रोपवाटिकेवाले बुश पेपर म्हणतात. मी छाट कलमं करून विकतो, त्यामुळे बिघडलेल्या वेलीही माझ्याच पायरीशी येतात. कधी फोटोतून, कधी कुंडीसकट रिक्षातून. बिघाड बहुतेक वेळा पाण्याचा नाहीतर मातीचा असतो, आणि माझ्याकडे येण्याआधी घरच्यांनी केलेला उपायही ठरलेला: आणखी पाणी.

मी ज्या क्रमाने तपासतो त्याच क्रमाने लिहितोय. सुरुवातीच्या गोष्टींना दमडी लागत नाही. पुढे जरा खणावं लागतं, त्याच्यापुढे पैसे लागतात. अर्ध्याहून जास्त वेली पैसे लागायच्या आतच मार्गी लागतात, म्हणून क्रम मोडू नका.

लक्षणं

खालची, जुनी पानं सरसकट पिवळी झालीत, हात लावला की गळतात, शेंडा मात्र हिरवा आहे. एकतर मुळाशी पाणी तुंबलंय, नाहीतर वेल उपाशी आहे. नुसत्या पानावरून यातलं काय ते सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

पानं मलूल, माती कोरडी, संध्याकाळी पाणी दिलं की सकाळी वेल ताठ. ही साधी तहान. एप्रिल-मेच्या दुपारी तर धडधाकट वेलही पानं खाली टाकते आणि ऊन उतरल्यावर सावरते. तिला आजारी ठरवू नका.

पानं मलूल आणि माती ओली. हे सगळ्यात फसवं लक्षण, कारण दिसायला ते तहानेसारखंच दिसतं.

टोकं आणि कडा करपल्यात, तपकिरी झाल्यात, मधलं पान हिरवं आहे. मिठाचा संशय घ्या. पालाश (पोटॅश) कमी पडलं तरी असंच दिसतं, आणि या दोघांची गल्लत मला एकदा चांगलीच महागात पडलीय. ते पुढे सांगतो.

कोवळी पानं पिवळसर-पांढुरकी, शिरा तेवढ्या हिरव्या. वेलीला लोह मिळत नाहीये. हे पुळणीतल्या, म्हणजे समुद्रालगतच्या वाळूतल्या आगरांत जास्त.

पानांवर काळे, पाणी भरल्यासारखे डाग, डागाच्या कडेला बारीक झालर, आणि चार-आठ दिवसांत पानांचा सडा. हे दिसत असेल तर मधलं सगळं सोडून शेवटच्या भागावर जा. तिथे पाणी-मातीचे घरगुती उपाय करत बसायला वेळ नसतो.

बोट घाला

तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसा. वरचा थर काय सांगतो त्याला अर्थ नाही. दुपारच्या उन्हात वरची अर्धा इंच माती पांढरी पडते आणि खाली चिखल असतो. आगरातल्या वेलीला बुंध्यापासून वीतभर लांब, लाकडी काटकीने सहा इंच टोकरून बघा. काटकीला माती चिकटून आली तर आज पाणी नाही. कोरडी बाहेर आली तर द्या.

हे पहिलं का, तर पुढचं सगळं याच्यावर ठरतं. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीच्या कणांमधल्या फटी पाण्याने भरून राहिल्या की मूळ गुदमरतं, काम थांबवतं आणि मग कुजतं. कुजलेलं मूळ पाणी ओढत नाही. त्यामुळे वेल गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहून तहानेने मान टाकते. आपण ती मान बघतो आणि वर आणखी एक कळशी ओततो.

कुंडी असेल तर उचलून बघायची सवय लावा. पोटभर पाणी दिल्यावर एकदा उचला, वजन हाताला लक्षात ठेवा, आणि मग रोज सकाळी नुसती एका बाजूने कलती करून बघा. आठवड्याभरात हात आपोआप सांगायला लागतो. ‘दर दोन दिवसांनी एक तांब्या’ असला नियम मी कुणाला देत नाही. आमच्याकडे मेमधलं ऊन आणि जुलैमधला पाऊस यांना एकच नियम कसा लागू होईल? वर्षाचा तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस आपल्याकडे चार महिन्यांत उरकतो. उरलेल्या आठ महिन्यांत पावसाचा थेंब मिळाला तर मिळाला.

कोरड्या कुंडीची एक गंमत. माती फार दिवस सुकली की ती पाणी धरतच नाही. कडेने आकसते, फट पडते, आणि वर ओतलेलं पाणी त्या फटीतून थेट खालच्या ताटलीत जातं. माणसाला वाटतं, भरपूर झालं, खालून आलं ना! आतला गोळा मात्र भाकरीसारखा कोरडा. शिमगा आटपून चाकरमानी मुंबईला गेले आणि मे महिन्यात परत आले की पडवीतल्या कुंड्यांची ही गत असते. अशी कुंडी बादलीत बुडवून ठेवा. बुडबुडे यायचे थांबले की काढा, निथळू द्या. वरून ओतून काही होत नाही.

कुंडीचं भोक आणि वरची पागोळी

गेल्या श्रावणात वाडीतल्या एका काकूंनी बोलावलं. पायरीच्या कडेला ठेवलेली कुंडी, दोन वर्षांची सुंदर बुश पेपर, आणि अर्धी पानं खाली. मी विचारलं, पाणी किती घालता?

“रोज एक तांब्या. तुळशीला घालते, मग हिलाच काय उपाशी ठेवू?”

मी वर बघितलं. कौलांची पागोळी बरोबर कुंडीच्या मध्यावर. सर आली की कुंडीत धार, सर थांबली की काकूंचा तांब्या. कुंडी उलटी करून बघितली तर खालचं भोक मुळांनी गच्च बुजलेलं. जाड तार घालून ढवळलं, तसं काळं, गटारासारखा वास येणारं पाणी दोन-तीन मिनिटं थेंबथेंब गळत राहिलं. काकू नाकाला पदर लावून म्हणाल्या, “हे हिच्या पोटात होतं?”

कुंडी पागोळीखालून चार हात आत घेतली, भोकं मोकळी केली, खाली दोन विटांचे तुकडे ठेवले म्हणजे भोक फरशीला टेकणार नाही, आणि तांब्याला सुट्टी दिली. महिन्याभराने नवी पालवी. बाकी औषध काही नाही.

तर हे तपासा. भोक उघडं आहे का, कुंडी फरशीवर चपटी बसलीय का, खालच्या ताटलीत पाणी साठतंय का (पावसाळ्यात ताटली काढूनच टाका, डासही कमी होतील), आणि वरून कुठलं जास्तीचं पाणी येतंय का. पागोळी, पन्हळ, गच्चीचा पाइप, बेसिनचं पाणी. आगरातही हेच. न्हाणीचं पाणी जिथे सोडलंय तिथली वेल कायम पिवळी का, याचं उत्तर बहुधा साबणात नसतं, बारमाही चिखलात असतं.

आळ्याचंही इथेच सांगतो. उन्हाळ्यात शिंपण्यासाठी केलेलं आळं पावसाळ्यातही तसंच ठेवायची खोड घरोघरी आहे. खोलगट आळं म्हणजे जुलैत बुंध्याभोवती तळं. मृगाच्या आधी आळं मोडा, बुंध्याला मातीची भर द्या, पाणी बाहेर पळेल असा उतार करा. पाऊस संपला की पुन्हा आळं. मिरीची खाद्यमुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांत असतात. माड तग धरतो म्हणून त्याच्यावरची मिरी धरेल असं नाही.

माती हातात घ्या

ओली माती मुठीत दाबा, मूठ उघडा, बोटाने टिचकी मारा. भुगा होऊन पडली तर छान. लाडवासारखी राहिली आणि बोटाचा ठसा उमटला तर ती कुंडीत चालणार नाही, मग आगरात कितीही चांगली असो.

‘खाली खडी घातलीय, निचरा होतो’ असं मला हमखास ऐकवतात. दोरीवर ओला पंचा वाळत घातलाय असं बघा. वरचा भाग आधी सुकतो, खालच्या काठात पाणी धरून राहतं. कुंडीतल्या मातीचंही तसंच. तळाचा एक थर नेहमी ओला राहतो. तळाशी खडी घातली म्हणजे तो ओला काठ नाहीसा होत नाही, नुसता वर सरकतो आणि मुळांच्या जास्त जवळ येतो. खडी घालायचीच तर मातीत मिसळा. दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, हे जुनं मिश्रण मिरीला चांगलं चालतं. वाळू नदीची. समुद्राची नको, आणि का नको ते खाली येतंच आहे.

कोकोपीटची वीट वापरत असाल तर भिजवून, पिळून, ते पाणी फेकून, पुन्हा भिजवून मगच वापरा. पुष्कळदा काथ्याच्या त्या भुशात खाडीचं मीठ असतं.

आणि शेण ताजं असेल तर नकोच. ते मुळाशी कुजताना तापतं. मासळी धुतलेलं पाणी झाडांना घालायची आपली पद्धत चांगली आहे, पण खारवलेल्या बांगड्यांचं पाणी म्हणजे मिठागर. आमच्या आजीने अनंताचं एक झाड असंच घालवलं होतं.

पाणी चाखून बघा

इथे माझी चूक सांगायची होती.

आमची विहीर पुळणीच्या कडेला. पावसाळ्यात पाणी गोड, मार्चपासून उतरतं, मेमध्ये मचूळ होतं. जिभेला जेमतेम कळेल इतकंच. एका उन्हाळ्यात माझ्या चाळीसएक रोपांच्या पानांच्या कडा करपल्या. मी शहाणा, म्हटलं पालाश कमी पडलंय. म्युरेट ऑफ पोटॅश आणून चिमूट-चिमूट घातलं. म्युरेट म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, तेही मीठच. खाऱ्या पाण्यावर आणखी मीठ. पंधरा दिवसांत निम्मी रोपं वाळली. तेव्हापासून कडा करपलेलं पान दिसलं की खताच्या पिशवीला हात लावायच्या आधी मी विहिरीचं पाणी जिभेवर घेतो.

जिभेचा भरवसा वाटत नसेल तर टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं पेन काही शे रुपयांत मिळतं. साधारण ४५० पीपीएमपर्यंत आकडा आला तर बिनघोर शिंपा. ४५० ते २००० च्या मध्ये सांभाळून. मिरीसारख्या नाजूक मुळांच्या वेलीला हजाराच्या पुढे मी देत नाही. मोजणी मेमध्ये करा. जानेवारीत पेन चांगलाच आकडा दाखवेल आणि तुम्ही निर्धास्त व्हाल.

मीठ त्रास का देतं? मातीतलं पाणी खारट झालं की मुळाला ते ओढून घ्यायला जास्त जोर लावावा लागतो, म्हणजे ओल असून तहान. शिवाय ओढलेलं मीठ पानाच्या टोकाला, कडेला जाऊन साठतं, आणि तिथूनच पान जळतं. थोडं थोडं, वारंवार पाणी देणाऱ्यांची कुंडी लवकर खारावते, कारण पाणी उडून जातं आणि मीठ आतच राहतं. पाणी द्याल तेव्हा खालून निथळेपर्यंत द्या, निथळलेलं फेका, आणि मग बोट कोरडं येईपर्यंत थांबा. खारावलेली कुंडी धुवायची तर गोड्या पाण्याने, कुंडीच्या आकाराच्या तिप्पट पाणी सावकाश सोडून. आगरात हे काम पहिला दणदणीत पाऊस फुकटात करतो.

खाऱ्या वाऱ्याचं करपणं वेगळं ओळखता येतं. वेलीभोवती एक फेरी मारा. पाणी खारं असेल तर करप चहूबाजूंनी, जुन्या पानांवर जास्त. वारा असेल तर समुद्राकडच्या अंगाला पानं भाजल्यासारखी आणि गावाकडच्या अंगाला हिरवीगार. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्याला लागलं, त्यानंतर दापोलीकडच्या नातेवाइकांच्या आगरात वाचलेल्या वेली मी अशाच अर्ध्या भाजलेल्या बघितल्या. अशा वेळी पानांवर गोड्या पाण्याचा फवारा लवकरात लवकर मारायचा, बाकी मुळाशी काही करायचं नाही. मुळाला काहीच झालेलं नसतं.

उन्हाळ्यात विहीर मचूळच असेल आणि दुसरी सोय नसेल तर निदान पाणी कमी लागेल असं करा. बुंध्याभोवती पातेरा, म्हणजे वाळका पाला, त्यावर नारळाची सोडणं. बुंध्याला चिकटवून नाही, चार बोटं सोडून. सावली नसलेल्या लहान वेलीला झावळांचा आडोसा. पाणी अर्ध्यावर येतं.

मुळं बघायची वेळ

इथपर्यंत सगळं ठीक आणि वेल तरीही खचतेय, तर मुळं बघावी लागतात. पाऊस कोसळत असताना किंवा भर उन्हात हे काम करू नका. उघडीप बघून सकाळी करा.

कुंडी आडवी करून गोळा अलगद सोडवा. चांगलं मूळ पांढरट-पिवळसर, मोडलं तर कट्‌कन मोडतं, वास पहिल्या पावसाच्या मातीचा. कुजलेलं मूळ तपकिरी-काळं, चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून येते आणि आत दोरा उरतो. वास सांगायला नको.

थोडी कुजली असतील तर स्वच्छ कात्रीने चांगल्या भागापर्यंत कापा, जुनी माती फेका, धुतलेल्या कुंडीत नवं मिश्रण भरा. जितकी मुळं कापली त्या मानाने पानंही कमी करा, नाहीतर उरलेल्या चार मुळांवर अख्ख्या वेलीचं ओझं पडतं. ट्रायकोडर्मा मिळत असेल तर शेणखतात मिसळून घाला. ही चांगली बुरशी आहे आणि कुजवणाऱ्या बुरशीला जागा देत नाही. मात्र तांबं असलेलं बुरशीनाशक नुकतंच घातलं असेल तर ट्रायकोडर्माही मरतो. दोन्हींत निदान पंधरा-वीस दिवसांचं अंतर ठेवा. त्यानंतर महिनाभर खत नको. आजारी माणसाला आपण पेज देतो, पुरणपोळी नाही.

मुळांवर मण्यांसारख्या बारीक गाठी दिसल्या तर हात थांबवा. ते सूत्रकृमी, म्हणजे मुळात शिरणारे अगदी बारीक कृमी, असू शकतात आणि त्यांचा इलाज पाण्या-मातीत नाही. एक खूण आधीच कळण्यासारखी आहे. पाऊस संपला की ऑक्टोबरपासून वेल पिवळी पडायला लागते, उन्हाळाभर रडते, जूनमध्ये पालवते, आणि पुढच्या वर्षी थोडी कमी पालवते. दर वर्षी हाच फेरा असेल तर तो सावकाश मरण्याचा रोग, सूत्रकृमी आणि मूळकुज मिळून होणारा. ‘दर उन्हाळ्यात असंच होतं तिचं’ म्हणून लोक तीन-चार वर्षं काढतात.

जमीन: सडा की पुळण

आगरात किंवा परसात लावलेली वेल असेल तर पाणी मुरतं का ते मोजा. बुंध्यापासून तीन-चार हात लांब फूटभर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या. मग पुन्हा भरा आणि या दुसऱ्या वेळी घड्याळ लावा. तासाला इंचभर किंवा जास्त उतरलं तर निचरा पुरेसा. त्याहून कमी तर वेल पावसाळ्यात बुडणार. पहिल्या वेळचं मोजू नका, कोरडी माती पाणी पिऊन टाकते आणि फसवते.

सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या घरांची हीच अडचण. वर वीतभर माती, खाली जांभा. लोक पहारीने कातळात खड्डा फोडतात, त्यात छान माती-शेणखत भरतात आणि रोप लावतात. खड्डा म्हणजे कातळात कोरलेली बादली झाली. जुलैत आजूबाजूचं पाणी पाझरून तिथेच येतं. वेल पहिली दोन वर्षं जोमात, मुळं तळाला पोचली की तिसऱ्या पावसाळ्यात धाडकन खाली. उपाय एकच: उताराच्या बाजूने त्या खड्ड्याला चर फोडून वाट द्यायची. तेही जमत नसेल तर खड्डाच नको, जांभ्याच्या चिऱ्यांचा दोन फूट उंच चौथरा रचून त्यात लावा.

पुळणीत प्रश्न उलटा. पाणी थांबतच नाही, आणि खतही त्याच्याबरोबर निघून जातं. तिथे कुजलेलं शेणखत जास्त, वेलीला वर्षाला दहा किलो तरी, आणि पाणी थोडं पण लवकर-लवकर. कुंडीसाठी वर सांगितलं त्याच्या उलटं वाटेल, पण वाळूला खालून निथळेपर्यंत पाणी देण्यात अर्थ नाही. ते कायम निथळतंच असतं.

आता चुना. मिरीला ५.५ ते ६.५ च्या दरम्यानचा सामू (पीएच, आकडा जितका कमी तितकी माती आम्ल) मानवतो. सड्यावरची जांभ्याची तांबडी माती पावसाने धुपून आम्ल झालेली असते. सामू ५.५ च्या खाली गेला असेल तर वेलीला अर्धा किलो चुना, एक वर्षाआड, पहिल्या सरींबरोबर घालायची शिफारस आहे. हे ऐकून पुळणीतल्या एका वहिनींनी आपल्या वेलींनाही चुना घातला. पुळणीच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, म्हणजे तिथे चुना आधीच निसर्गाने घालून ठेवलाय. सामू आणखी चढला, मातीतलं लोह मुळाला मिळेनासं झालं आणि कोवळी पानं पांढरी पडली. दोन्ही आगरांतली पानं पिवळीच होती. एका जागी चुना औषध, दुसरीकडे तोच घात. पुळणीतल्या अशा वेलीला हिराकस (फेरस सल्फेट), लिटरला पाच ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारलं तर तात्पुरतं सावरतं. मातीत घातलेलं बहुतेक वाया जातं. नव्या घराच्या गिलाव्याशेजारी ठेवलेल्या कुंडीचंही असं होतं, बरं का. सिमेंटचं पाणी उतरत राहतं.

म्हणून चुन्याच्या बाबतीत अंदाज नको, माती तपासून घ्या. नमुना घेताना आळ्यातल्या पाच-सहा ठिकाणची माती, वरचा पातेरा बाजूला करून, वीतभर खोलीपर्यंतची. सगळी एकत्र करून अर्धा किलो ठेवा, सावलीत वाळवा, स्वच्छ कापडी पिशवीत भरा. खताच्या रिकाम्या गोणीत नाही. नुकतंच खत टाकलं असेल तर आधी थांबा. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ पासून आहे. त्यासाठी गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना (आधी यांनाच कृषी सहायक म्हणत) विचारा. पाण्याचाही नमुना द्यायला विसरू नका, किनाऱ्याजवळ तो मातीइतकाच महत्त्वाचा.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

पुढचं काही दिसलं तर मीही स्वतः औषध ठरवत नाही.

बुंधा जमिनीलगत काळा पडलाय, साल दाबली की पाणी सुटतं, वास येतो, आणि वर काळ्या झालरदार डागांची पानं ढासळतायत. हा जलद मर, फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीसारख्या जीवाचा. पावसाळ्यातला रोग. पाण्याबरोबर, चिखलाच्या पायांबरोबर, कोयत्याबरोबर एका वेलीवरून दुसरीवर जातो. बुंधा काळा पडलेली वेल सहसा वाचत नाही. जाणकार बोलवायचा तो बाजूच्या वेलींसाठी. त्या दिवशी त्या आगरातून दुसऱ्या आगरात जाताना पाय आणि हत्यारं धुवा.

एकाच ओळीतल्या दोन-तीन वेली एका आठवड्यात गेल्या, किंवा मुळांना गाठी आहेत, किंवा वेलीबरोबर पोफळही खचतेय: हेही आपल्या हातातलं नाही. दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, रत्नागिरीजवळ भाट्ये इथलं नारळ संशोधन केंद्र, जिल्ह्यातलं कृषी विज्ञान केंद्र, यांपैकी जे जवळ पडेल तिथे जा. माडांत मसाल्याची झाडं लावायची ‘लाखी बाग’ पद्धत भाट्याचीच, त्यामुळे तिथे मिरी बघितलेली माणसं भेटतात.

बोर्डो मिश्रणाबद्दल, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशकाबद्दल, सगळेच विचारतात. पावसाच्या तोंडावर एक टक्क्याचं बोर्डो मारणं हा जलद मराला आधीचा बांध आहे, हे खरं. दहा लिटरला शंभर ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि शंभर ग्रॅम कळीचा चुना, वेगवेगळे विरघळवून, प्लॅस्टिकच्या बादलीत, मोरचुदाचं पाणी चुन्याच्या निवळीत ओतायचं. घासलेला विळा मिनिटभर बुडवून त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय. पण उंच पोफळीवर चढलेल्या वेलीला हे घरच्या घरी मारायला जाऊ नका. सुपारीची फळं सडवणाऱ्या कोळेरोगासाठी पोफळीवर फवारणारे लोक मे-जूनमध्ये गावात येतातच, त्यांच्याकडूनच करून घ्या. मोरचूद विषारी आहे. हातमोजे घाला, मुलांना लांब ठेवा, विहिरीच्या काठावर बादली धुवू नका.

गेलेली वेल मुळांसकट काढून लांब नेऊन जाळा, गडग्यावर टाकून ठेवू नका. त्या खड्ड्यात लगेच मिरी नको, आणि जागा रिकामी दिसते म्हणून केळ किंवा हळदही नको, सूत्रकृमी त्यांच्यावरही जगतात. माती उकरून दोन उन्हाळे उन्हात तापू द्या. नवी छाट कलमं फेब्रुवारी-मार्चमध्ये, आजूबाजूला एकही वेल न खचलेल्या आगरातून घ्या.

जाणकाराकडे किंवा माझ्यासारख्याकडे जाताना नुसतं एक पिवळं पान खिशात घालून येऊ नका. लोक नेमकं तेच आणतात. पानाच्या दोन्ही बाजू, जमिनीलगतचा बुंधा, वीतभर खालची मूठभर माती आणि थोडी मुळं ओल्या कागदात गुंडाळून, आणि बाटलीभर विहिरीचं पाणी, एवढं घेऊन या. आणि गेल्या महिन्यात वेलीला काय-काय घातलं ते खरं सांगा. ताकही घातलं असेल तर तेही सांगा. आजवर मला सगळं सांगून झाल्यावर, कुंडी उचलून निघताना दारात आठवलेली गोष्टच बहुतेक वेळा खरी निघालीय.